फिलिप लॅम्पी सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय लॅम्पी सर,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी साताऱ्यात पदवीच्या मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवते. तुम्ही मराठी वाचत नाही हे ठाऊक आहे. तरीही हे पत्र माझ्याच भाषेत लिहिते आहे, कारण तुमचं ऋण माझ्या वर्गापर्यंत याच भाषेतून पोचलं.

पूर्वी मी १८०० सालची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जेफरसन विरुद्ध ॲडम्स एवढीच शिकवायची. मग तुम्ही जमवलेले १७८७ ते १८२५ या काळातल्या अमेरिकी निवडणुकांचे निकाल हाती लागले आणि माझं शिकवणंच बदललं. खरी झुंज त्या वसंतात न्यूयॉर्कच्या विधानसभेसाठी झाली होती. राष्ट्राध्यक्ष निवडणारे निर्वाचक तिथे विधिमंडळच ठरवायचं. जेफरसन यांच्या पक्षाचे ॲरन बर यांनी न्यूयॉर्क शहरातल्या १३ जागांसाठी माजी गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन, जनरल होरेशिओ गेट्स अशी वजनदार माणसं उभी केली आणि सगळ्या जागा जिंकल्या. राज्याची १२ मतं जेफरसनकडे गेली. शेवटचा आकडा ७३ विरुद्ध ६५! ती १२ मतं फिरवून बघा, असं मी मुलांना सांगते. वहीत ६१ विरुद्ध ७७ आलं की वर्ग एकदम गप्प होतो. अमेरिकी संसदेतले सिनेटरसुद्धा तेव्हा राज्यांची विधिमंडळंच निवडत, १९१३पर्यंत. आपले आमदार राज्यसभेसाठी मत देतात, त्यामुळे हे फोडून सांगावं लागत नाही.

या निवडणुकांची नोंद कुणी एका जागी ठेवली नव्हती. राज्याराज्यांच्या तारखा वेगळ्या, कुठे वर्षातून दोनदा मतदान, व्हर्जिनियात तर मतदार सगळ्यांसमोर तोंडी नाव घ्यायचा. निकाल विखुरलेले, जुन्या वर्तमानपत्रांच्या बारीक टायपात. ते तुम्ही हाताने उतरवून काढलेत, वर्षानुवर्षं. दिवस ग्रंथालयासाठी मोकळा राहावा म्हणून रात्री पहारेकऱ्याची नोकरी केलीत, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. वुस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीने आणि टफ्ट्स विद्यापीठाने ते आकडे सगळ्यांसाठी खुले केले, त्यांचेही आभार. पण मूळ कष्ट तुमचे.

हरलेल्यांची मतंही तुम्ही टिपलीत, याचं मला सर्वांत अप्रूप वाटतं. १८१२मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या राज्य सिनेटसाठी ॲडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षाला ५१,७६६ मतं पडली, जेफरसन यांच्या रिपब्लिकन पक्षाला ५०,१६४. जागा मात्र ११ आणि २९. गव्हर्नर गेरी यांनी मंजूर केलेल्या वेड्यावाकड्या मतदारसंघांची ही करामत. नुसत्या जागा लिहून ठेवल्या असत्या तर हा अन्याय दिसलाच नसता.

माझ्या विद्यार्थिनी मात्र न्यू जर्सीपाशी थांबतात. तिथे मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रिया मत देत होत्या. १७९७मध्ये एलिझाबेथटाउनला त्यांनी विरोधात दिलेल्या मतांमुळे जॉन काँडिक्ट विधिमंडळाची जागा गमावता गमावता वाचले. पुढे १८०७मध्ये काँडिक्ट यांनीच पुढाकार घेऊन स्त्रियांचा आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा हक्क काढून घेणारा कायदा करवला. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, या आकड्यांत बायकांची मतं कोणती?" आकड्यांतून ती वेगळी काढता येत नाहीत. पण ती त्या बेरजेत आहेत, आणि ती बेरीज आज तिच्यासमोर आहे ती तुमच्यामुळे.

सर, मनापासून आभार.

आपली नम्र,
साताऱ्याची एक शिक्षिका