नाग नदीला नुसता एसटीपी नाही, जमीनही लागते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या नागपूरच्या नाग नदीच्या शुद्धीकरणाची बातमी आली की त्यात दोनच आकडे असतात, किती कोटी अन् किती एमएलडी (म्हणजे रोज किती दशलक्ष लिटर). सुमारे १,९०० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला त्यालाही आता काही वर्षं झाली. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र, पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही, शहराची घाण तशीच कन्हानमार्गे वैनगंगेत अन् तिथून गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये जाते आणि भंडारा-पवनीकडच्या लोकांनी आपलं काय घोडं मारलंय? पण जमिनीचा विषय कोणीच काढत नाही. ज्याचं पाणी नाग नदीत उतरतं त्या अंबाझरी तलावाच्या वरच्या अंगाला, वाडी, दवलामेटी, लाव्हा ह्या बाजूनं जे नाले येतात त्यांच्या काठची जी सखल मोकळी जमीन अजून उरली आहे, ती सरकारनं रीतसर पैसे मोजून घ्यावी अन् तिथं पाणथळ परत उभी करावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

अशी जमीन कशी जाते ते आमच्याच भागात पाहिलं. लेआउटच्या मागं नाल्याला लागून एक खोलगट पट्टा होता, पार दिवाळीपर्यंत पाणी, मग चिखल, पाणकणीस माणसाच्या वर वाढलेलं, टिटव्यांची कटकट रात्रभर. एका उन्हाळ्यात मुरमाचे टिप्पर यायला लागले, भरणी झाली, चुन्याच्या रेषा पडल्या, बोर्ड लागला. लोकांनी गुंठेवारीत प्लॉट घेतले, घरं बांधली, आता वर्षानुवर्षं आरएलसाठी (प्लॉट नियमित झाल्याच्या पत्रासाठी) चकरा मारतात अन् पावसाळ्यात खालच्या खोलीतला फ्रिज विटांवर चढवतात. प्लॉट घेणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, पगारात बसेल ते त्यानं घेतलं.

२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र तर सगळ्यांना आठवते, काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, मोरभवनचं बसस्थानक सगळं पाण्यात. तेव्हापासून चर्चा काय ती तलावाच्या खालची, भिंत, सांडवा, पूल. पण वर पाणी थांबायला जागाच ठेवली नाही तर ते सगळं एकदम खाली येणारच न! अन् नुसता पूर नाही, वरून येणारं सांडपाणी थेट तलावात उतरतं, त्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस खाऊन जलपर्णी माजते, मग मशीन लावून ती काढायची, पुढच्या वर्षी परत. उथळ पाणथळीत पाणी हळू चालतं, गाळ बसतो, लव्हाळ्याच्या मुळांशी जीवाणू काम करतात. कच्चं गटार त्यात सोडलं तर तीही मरेल हे खरं, म्हणून आधी एसटीपी अन् मग पाणथळ.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलंय. तिथं उसाच्या शेतीतलं खत वाहत जाऊन एव्हरग्लेड्स नावाची प्रचंड दलदल बिघडत होती, तर सरकारी यंत्रणेनं वरच्या भागातली शेतजमीन घेऊन पन्नास हजार एकराच्या वर कृत्रिम पाणथळ केली, पाणी आधी त्यातून गाळून मग पुढं सोडतात. २०१४ मध्ये तर जवळपास तीनचतुर्थांश मतदारांनी ठरवलं की दस्त नोंदणीच्या स्टॅम्प टॅक्समधला एकतृतीयांश पैसा २० वर्षं जमीन अन् पाणी राखायला वापरायचा. आपण नागपुरात घर घेताना स्टॅम्प ड्युटीसोबत १ टक्का मेट्रो सेस भरतोच, त्यातला थोडा भाग तलावाला दिला तर मेट्रो काही बंद पडणार नाही.

कोणी म्हणेल पाणथळीचे २०१७ चे नियम आहेत न. आहेत, पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसानं बांधलेले तलाव त्यातून वगळलेत, आणि आपल्याकडचे बहुतेक तलाव बांधलेलेच, भोसल्यांच्या काळापासून. फुटाळा तलावातल्या कारंज्यांच्या केसमध्ये २०२५ ला सुप्रीम कोर्टानंही हेच मानलं की तो त्या व्याख्येत बसत नाही, अर्थात लोकांच्या मालकीची संपत्ती म्हणून जपायची जबाबदारी आहे असंही म्हटलं. (कारंजे लावणं म्हणजे जपणं का, हा वेगळा विषय.) म्हणजे नुसत्या नियमाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, सातबाऱ्यावर नाव लागलं तरच जमीन टिकते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी (म्हणजे इकडची जमीनदारी) गेली अन् पूर्व विदर्भातले हजारो तलाव सरकारजमा झाले, ते पुढं नीट सांभाळले नाहीत ही गोष्ट वेगळी, पण निदान त्यांच्यावर प्लॉट तरी पडले नाहीत सरसकट.

शेतकऱ्यांची भीती मात्र खरी आहे. गोसेखुर्दचे प्रकल्पग्रस्त वर्षानुवर्षं मोबदल्यासाठी भांडले ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे भूसंपादन म्हटलं की लोक दार लावून घेतात. पण समृद्धी महामार्गाला, ७०१ किलोमीटरला, थेट खरेदीनं जमीन घेतली तेव्हा चांगला दर मिळाला म्हणून बऱ्याच जणांनी सही केलीच की. तसंच इथं करा, जो विकायला तयार आहे त्याचीच घ्या, बिल्डर देईल त्याच्या बरोबरीनं द्या, पैसे खात्यात पडल्यावरच ताबा. रस्त्यासाठी जे जमतं ते पाण्यासाठी का नाही?

तुमच्या पेपरला एक विनंती. त्या पट्ट्यातल्या नाल्यांची पूररेषा आखली आहे का, निळ्या रेषेच्या (नेहमी येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत कोणते गट नंबर येतात, अन् त्यातल्या किती जमिनीला एनए (बिगरशेती परवानगी) मिळालंय, हे तुमच्या वार्ताहरानं माहिती अधिकारात काढून नकाशासकट छापावं.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर