आयांची स्पर्धा, मुलींची कट्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीला कलेच्या परीक्षांसाठी मिळणाऱ्या वाढीव गुणांची चर्चा दरवर्षी होते. त्या गुणांपायी नृत्यवर्गात काय चालतं, ते आतल्या माणसाने सांगावं म्हणून हे पत्र. मी डोंबिवलीत भरतनाट्यम शिकवते.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नृत्याच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा चढत विशारदपर्यंत जातात. दहावीआधी त्यातल्या किती पदरात पडल्या, त्यावर बोर्डाचे वाढीव गुण ठरतात आणि अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात अर्ध्या टक्क्यानेही हवं ते कॉलेज हुकतं. त्यामुळे आयांची घाई मी समजू शकते. पण निकाल लागला की "आमच्या हिला किती?" याच्याही आधी "तिला किती पडले?" असा फोन येतो, तेव्हा काय बोलावं ते सुचत नाही.

माझ्याकडे दोन मुली होत्या, दोघीही चौथीतल्या. एकमेकींची घुंगरं बांधायच्या, वर्गाआधी एकाच डब्यातली पोळीभाजी खायच्या. 28 असंयुत हस्त, म्हणजे एका हाताच्या मुद्रा, ओळीने म्हणताना एक हमखास शुकतुंडापाशी अडायची. दुसरी समोरून नुसती मूठ वळून दाखवायची, की हिची गाडी पुढे मुष्टी, शिखर करत सुटायची. प्रवेशिकेत एकीला विशेष योग्यता मिळाली, दुसरीची थोडक्यात हुकली. ग्रुपवर अभिनंदनाचे फुगे उडाले, दोन आयांचं बोलणं बंद झालं. पुढच्या आठवड्यात एक अडली, तर दुसरी खाली बघत उभी. विचारलं तर म्हणाली, "ताई, आई म्हणाली, तिला काही सांगायचं नाही." मूठ वळायलाही बंदी!

आठवी-नववीत हेच लोण अरंगेत्रमपर्यंत, म्हणजे मुलीच्या पहिल्या एकल रंगमंच कार्यक्रमापर्यंत जातं. मैत्रिणीच्या अरंगेत्रमला मृदंग, व्हायोलिन साथीला होतं, मग आमची रेकॉर्डवर कशी नाचेल? तिने दोन साड्या बदलल्या, हिला तीन. हॉल मोठा हवा, निमंत्रणपत्रिका जाड हवी. त्यातली सगळ्यात मोठी रचना, वर्णम, चांगलं अर्धा तास चालतं, त्याला मुलीचा दम पुरेल का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. तंजावरच्या सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणं (एका सूत्रात गुंफलेली पदं) रचली, नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमारांनी ती मुंबईत पुन्हा रंगमंचावर आणली. त्यातलं एखादं बसवू म्हटलं तर एका आईने विचारलं, "पण ते दुसऱ्या कोणी केलंय का आधी?"

सगळा दोष आयांच्या माथी मारणं मला पटत नाही. बाबा लोक फी भरतात, गाडी लावायला जागा शोधतात आणि नामानिराळे राहतात. मुलीचं काही बिनसलं की सासरी-माहेरी जाब आईलाच विचारतात. कित्येक आयांना लहानपणी नाचायचं होतं, घरच्यांनी पाठवलं नाही, हेही मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. तरीही खिडकीतून मोबाइल धरून "पाय, पाय!" असं ओरडणाऱ्या आईसमोर मुलीचा अभिनय उमलत नाही. तिची नजर हाताबरोबर जायची सोडून खिडकीकडे जाते.

आम्ही शिक्षकही धुतल्या तांदळासारखे नाही. निकालाची यादी फ्लेक्सवर फोटोंसकट लावतो ते आम्हीच, कारण पुढच्या वर्षीचे प्रवेश त्यावर येतात.

सहशिक्षिकांना माझी विनंती आहे की गुण ज्याचे त्याला सांगा, वर्गात उभं राहायच्या रांगा दर महिन्याला फिरवा, आयांना वर्गाच्या वेळेत घरी पाठवा. जूनपासून मी हे सुरू केलं. पालकांच्या ग्रुपवर आता फक्त सुट्टीच्या सूचना जातात. काहींनी मुलींची नावं काढून शेजारच्या क्लासला घातली. त्यांची फी बुडाली, पण फ्लेक्सचा खर्चही वाचला.

आपली,
एक नृत्यशिक्षिका, डोंबिवली (पूर्व)
(कृपया नाव छापू नये.)