जीवनगौरवासाठी अर्ज मागवू नका : उच्चशिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्चशिक्षणमंत्री यांस,

सादर नमस्कार.

विद्यापीठातल्या प्राध्यापकांना जीवनगौरव पुरस्कार देण्याच्या नियमांतली एक ओळ काढून टाकावी, यासाठी हे पत्र : ‘इच्छुकांनी विहित नमुन्यात अर्ज करावेत.’ आयुष्यभराच्या कामासाठी स्वतःच अर्ज करायचा, ही कल्पनाच अवघडून टाकणारी आहे. अनेक पात्र माणसे तिथेच गळतात. नाव इतरांनी सुचवावे : विभागाने, जुन्या विद्यार्थ्यांनी, बाहेरच्या अभ्यासकांनी.

प्रस्ताव दोन पानांचा पुरे. सोबत निवडक पाच कामे आणि प्रत्येकात या व्यक्तीचा नेमका वाटा किती, ते चार ओळींत. पत्रे तीन : दुसऱ्या विद्यापीठातल्या जाणकाराचे, सहकाऱ्याचे, आणि शिकून बाहेर पडल्याला किमान १० वर्षे झालेल्या विद्यार्थ्याचे. नुकत्याच बाहेर पडलेल्याला शिफारसपत्राची गरज असते, म्हणून तो हातचे राखून लिहितो.

खरा घोळ आकड्यांचा. एच-निर्देशांक, म्हणजे संशोधकाचे किती लेख इतरांनी किती वेळा उद्धृत केले यावरून काढलेला आकडा, हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडला. किमान २० वेळा उद्धृत झालेले २० लेख असले की निर्देशांक २०. पाचच लेख लिहिले आणि प्रत्येक हजार वेळा उद्धृत झाला, तरी आकडा ५ वरच अडतो! शिवाय तो कधी घटत नाही. लांबलेल्या कारकिर्दीला आपोआप झुकते माप मिळते. प्रयोगशाळेतल्या लेखाला वीस सहलेखक असतात, इतिहासाचा ग्रंथ एकट्याचा असतो. दोघांना एका रांगेत उभे करणे म्हणजे धान्य मीटरने मोजणे. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातले लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात, त्या आकड्यावरून) व्यक्तीचे मोल ठरवू नका, असे संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात बजावले आहे; तरी प्रस्तावाच्या नमुन्यात तो रकाना सापडतोच.

दुसरी अडचण प्रसिद्धीची. नावाजलेल्यालाच आणखी श्रेय मिळत जाते, हे समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनी १९६८ मध्ये दाखवले. स्त्रियांच्या कामाचे श्रेय पुरुष सहकाऱ्यांकडे वळते, हे विज्ञानाच्या इतिहासकार रॉसिटर यांनी १९९३ मध्ये. म्हणून मुदत संपण्याच्या महिनाभर आधी आलेली नावे पाहावीत. यादीत दोनच विभाग असतील किंवा एकही स्त्री नसेल, तर उरलेल्या विभागांना पत्र लिहून मुदत वाढवावी.

समिती सात जणांची असावी, त्यांतले तिघे बाहेरचे. एखाद्या सदस्याचा मार्गदर्शक, पीएचडीचा विद्यार्थी किंवा गेल्या पाच वर्षांतला सहलेखक चर्चेत असेल, तर त्या सदस्याने खोलीबाहेर जावे. नुसते मत न देऊन भागत नाही. तो समोर बसलेला असताना बाकीचे मोकळे बोलत नाहीत. संशोधनातल्या गैरप्रकाराच्या व छळाच्या सिद्ध तक्रारी नाव जाहीर होण्याआधी तपासाव्यात. निवड न झालेला प्रस्ताव तीन वर्षे विचारात राहावा. योग्य नाव नसेल, तर त्या वर्षी पुरस्कार देऊ नये.

प्रस्ताव आल्यानंतर प्राध्यापकांचे निधन झाले तर काय, हेही नियमांत लिहा. नोबेलने १९७४ पासून मरणोत्तर पुरस्कार बंद केले. केवळ जाहीर झाल्यानंतरच्या निधनाचा अपवाद ठेवला. इथे प्रस्तावाची तारीख ग्राह्य धरावी, कारण हा पुरस्कार मुळात उतारवयातला.

मानपत्र त्या विषयाच्या माणसाने लिहावे, दीडशे शब्दांत, आणि छापण्याआधी ग्रंथांची नावे व साले खुद्द सत्कारमूर्तींकडून तपासून घ्यावीत. कार्यक्रमाला उशीर झाला की पहिली कात्री मानपत्राच्या वाचनाला लागते. ती पाहुण्यांच्या भाषणांना लावावी.

आपले नम्र,
निवड समित्यांचे कामकाज जाणणारे काही प्राध्यापक