जंतांची गोळी, टीसीएल आणि दोन वर्षांखालचे बाळ

महोदय,

जंतनाशक मोहीम आटोपली की बाह्यरुग्ण विभागात हमखास एक तक्रार येते : ‘गोळी दिली, तरी पोराचे जुलाब थांबत नाहीत.’ यात गोळीचा दोष नाही. ती ज्या जंतांसाठी आहे, त्यांच्यावर ती काम करते. पण दोन वर्षांखालच्या मुलांचे चिवट जुलाब बहुधा त्या जंतांमुळे नसतातच. आणि ज्या परजीवींमुळे असतात, त्यांतला एक तर विहिरीत टाकलेल्या टीसीएलमधल्या (ब्लीचिंग पावडरमधल्या) क्लोरीनलाही दाद देत नाही. मोहिमेच्या पत्रकांत याचा उल्लेख नसतो, म्हणून हे पत्र.

आधी गोळीबद्दल. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धीच गोळी, दोन चमच्यांमध्ये पूड करून, पाण्यात कालवून. दोन ते तीन वर्षांच्या मुलाला पूर्ण गोळी, पण तीही पूड करूनच. त्यापुढच्यांनी चावून खायची. गर्दीच्या दिवशी पूड करण्याचा कंटाळा केला जातो, रडणाऱ्या मुलाचे नाक दाबून गोळी तोंडात सारली जाते. हे जिवावर बेतू शकते. इथिओपियात २००७ साली अशाच मोहिमेत तीन वर्षांखालची चार मुले गोळी घशात अडकून दगावली. मूल रडत असेल तर शांत होईपर्यंत थांबावे. ताप किंवा जुलाब असतील तर त्या दिवशी गोळी देऊ नये, राहिलेल्या मुलांसाठी आठवड्याने होणाऱ्या मॉप-अप फेरीत द्यावी. पूड कालवायला पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे; कारण पुढे येईलच.

एका डोसने गोल जंत शंभरातल्या सुमारे ९५ मुलांमधून जातात, हुकवर्म सुमारे ८० मुलांमधून, व्हिपवर्म मात्र जेमतेम ३० मुलांमधून. शिवाय गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, ती मातीत दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि तिथे वर्षानुवर्षे तग धरतात. अंगण तेच राहिले तर सहा महिन्यांत जंत परत येतात, म्हणून ही गोळी वर्षातून दोनदा. रात्री गुदद्वाराशी खाज आणणाऱ्या सुतासारख्या बारीक जंतांचा हिशेब वेगळा. त्यांची मादी अंडी बाहेर कातडीवर घालते, त्यामुळे शौचाच्या तपासणीत बहुतेकदा काहीच सापडत नाही. सकाळी मुलाला धुण्याआधी चिकटपट्टी तिथे दाबून ती काचपट्टीवर लावावी आणि प्रयोगशाळेत द्यावी. उपचार घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचे. एकट्या मुलाला औषध देऊन भागत नाही.

जिआर्डिया हा डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय परजीवी. फेसाळ, तेलकट, घाण वासाचे शौच, पोट फुगलेले, रक्त नाही, वजन हळूहळू उतरते, अशी त्याची ओळख. अल्बेंडाझोलच्या एका डोसाने तो जात नाही, त्याला डॉक्टरांनी ठरवलेले मेट्रोनिडाझोल पाच ते सात दिवस लागते. शौचातून तो रोज बाहेर पडत नाही. एक नमुना ‘नॉर्मल’ आला म्हणून निश्चिंत होऊ नये, एकेक दिवस सोडून तीन नमुने द्यावेत.

आता क्लोरीनला दाद न देणारा परजीवी, क्रिप्टोस्पोरिडियम. कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतल्या सात ठिकाणी झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एक वर्षाखालच्या बाळांच्या तीव्र जुलाबांमागे रोटाव्हायरसखालोखाल हाच परजीवी आढळला. रोटाव्हायरसची लस आता सरकारी लसीकरणात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला मिळते. क्रिप्टोची लस नाही. धडधाकट मुलाला तो आठवडा-दोन आठवडे त्रास देऊन आपोआप जातो. कुपोषित मुलाला सोडत नाही, वजन खातो आणि उलटून येतो.

त्याची अंडुके (शौचातून पडणारी, लागण करणारी अंड्यासारखी रूपे) चार ते सहा मायक्रॉनची, जाड कवचाची. ती मारायला क्लोरीन किती लागते याचा मापदंड आहे : एका लिटरमागे क्लोरीनचे मिलिग्रॅम गुणिले मिनिटे, हा गुणाकार सुमारे १५,३०० भरावा लागतो. घरच्या हंड्यात लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन पडून पाणी अर्धा तास ठेवले तर तो भरतो साठ. ओटी टेस्टला (पाण्यातला क्लोरीन मोजणाऱ्या चाचणीला) नळाचे पाणी ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम दाखवत असेल, तर गणित करायलाही नको. टीसीएल टाकणे थांबवा, असा याचा अर्थ कुणी काढू नये. कॉलरा, टायफॉइड, कावीळ रोखायला ते हवेच. पण ओटी टेस्ट पिवळी आली म्हणजे पाणी तान्ह्या बाळाला चालेल, असे नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये गाळलेले आणि क्लोरीन घातलेले नळाचे पाणी पिऊन सुमारे चार लाख लोक आजारी पडले, ते याच परजीवीने.

उकळीला मात्र तो टिकत नाही. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट थांबले की काम झाले. वीस मिनिटे उकळून गॅस जाळण्याची गरज नाही. सगळ्या घरासाठी उकळणे जमत नसेल तर निदान बाळाचे पिण्याचे पाणी, दूध-पेज कालवायचे पाणी आणि ओआरएसचे पाणी उकळावे, त्याच भांड्यात झाकून गार करावे, हात न बुडवता ओगराळ्याने काढावे. फडक्याने गाळून किंवा तुरटी फिरवून अंडुके जातील, याचा भरवसा नाही. यूव्ही किंवा आरओ यंत्र चालू स्थितीत असेल तर चालते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला निव्वळ अंगावरचे दूध असेल तर पाण्याचा प्रश्नच उरत नाही. अंडुके शौचाबरोबर बाहेर पडताक्षणी लागण करू शकतात, आणि सॅनिटायझरने मरत नाहीत. दुपटे बदलल्यावर हात साबण-पाण्यानेच धुवावेत.

औषधाच्या नावाने या बाळांना बरेचदा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलचे एकत्रित सिरप मिळते. क्रिप्टोवर त्याचा काडीचा उपयोग नाही. नायटाझोक्सानाइड हे औषध आहे (एक ते तीन वर्षांच्या मुलाला १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस), पण ते निदान झाल्यावर आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. प्रतिकारशक्ती खचलेल्या मुलांत तेही फिके पडते. खरा आधार ओआरएस आणि झिंकचा. मोठे पाकीट एका लिटरचे असते. ते पेल्याभर पाण्यात ओतले तर मीठ जास्त होऊन उलट धोका, आणि अर्धे पाकीट अंदाजाने टाकणे म्हणजेही जुगारच. कालवलेले पाणी २४ तासांनी फेकावे. झिंक सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, पूर्ण चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की झिंकची पट्टी फळीवर पडून राहते, हे घरोघरी दिसते.

ज्यांची प्रतिकारशक्ती मुळातच खचलेली, त्यांची काळजी याहून वेगळी. एचआयव्हीबाधित आईच्या बाळाला सहाव्या आठवड्यापासून कोट्रायमोक्साझोल हे औषध रोज द्यायचे असते, ते न्यूमोनिया टाळण्यासाठी. न्यूमोसिस्टिस बुरशीचा न्यूमोनिया अशा बाळांना तीन ते सहा महिन्यांच्या वयात गाठतो आणि फार वेगाने वाढतो. स्तनपान थांबल्यानंतरच्या तपासणीत संसर्ग नाही हे नक्की होईपर्यंत हे औषध बंद करायचे नसते. ‘बाळ चांगले दिसतेय’ म्हणून घरीच बंद केले, असे मात्र होते. किडनीच्या आजारासाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या किंवा ल्युकेमियाची केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला जुलाब लागले, तर तपासणीच्या चिठ्ठीवर ते कारण ठळक लिहिलेच पाहिजे. प्रयोगशाळेला ते कळले नाही तर क्रिप्टो शोधलाच जात नाही.

कारण नेहमीच्या शौच तपासणीत तो दिसत नाही. सलाईनच्या थेंबात तो यीस्टसारखा दिसतो आणि निसटतो. त्याला मॉडिफाइड अॅसिड-फास्ट रंग लागतो. मग निळ्या पार्श्वभूमीवर लाल, गोल अंडुके उठून दिसतात. यासाठी लागणारे कार्बोल फुक्सिन आणि मिथिलीन ब्लू क्षयरोगाच्या थुंकी तपासणीसाठी सरकारी प्रयोगशाळांत असतेच. फरक आम्लाचा : तिथे २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल वापरतात, इथे एक ते पाच टक्के पुरते, कारण तीव्र आम्लाने अंडुकांचा रंगही धुऊन जातो. एक काचपट्टी अर्ध्या तासात वाचून होते. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालेल्या आणि चौदा दिवसांहून अधिक जुलाब असलेल्या प्रत्येक मुलाची ही तपासणी करावी, आणि सौम्य आम्लाची बाटली जिल्हा रुग्णालयांच्या मागणीपत्रात घालावी, एवढे आरोग्य विभागाने केले तरी चालेल. नव्या यंत्राची यात गरज नाही.

– एक बालरोगतज्ज्ञ व एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, नाशिक