डॉक्टर, तुमच्या हातावरची गाठ

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार. आम्ही तुमच्या लक्षातही नसू. गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत पेडण्यापासून काणकोणपर्यंतची माणसं येतात, त्यांत वाळपईहून आलेली, थोडं कमी ऐकणारी माझी आई कुठे आठवणार? आमच्या घरात मात्र 'ते गाठवाले डॉक्टर' हा विषय रोज निघतो. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

शौचातून रक्त जातंय म्हटल्यावर पहिल्या डॉक्टरांनी हातसुद्धा न लावता मूळव्याधीचं औषध लिहून दिलं. हिमोग्लोबिन उतरत गेलं, पोटात उजवीकडे कळा यायला लागल्या, तेव्हा एका मोठ्या खासगी इस्पितळात कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी केली. मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ निघाली. तिचा तुकडा काढून केलेली बायोप्सी नॉर्मल आली. आम्ही हुश्श करणार, तोच "तुकडा नीट मिळाला नसेल, कॅन्सर असू शकतो, अर्धं आतडं काढून टाकू" असं चालता चालता सांगून साहेब लिफ्टमध्ये शिरले. शंका घेतली याचा राग नाही. त्या बाजूच्या कॅन्सरमध्येही असंच रक्त कमी होतं, हे आता मला ठाऊक आहे. पण आई समोर उभी होती हो! तिच्याकडे एकदा बघायला किती वेळ लागला असता? घरी आल्यावर तिने कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

तुम्ही आधी सीटी स्कॅन करून घेतलात. गाठीचा काळा रंग आणि पोटाच्या कातडीखालच्या चरबीचा काळा रंग एकच आहे, हे पडद्यावर बोट ठेवून दाखवलंत. चरबीची गाठ, लायपोमा. ती बहुतेक वेळा अस्तराच्या खाली असते, चिमट्यात वरचं अस्तरच येतं, म्हणून बायोप्सी नॉर्मल. मला कळलं. आईला नाही. ती आपली "म्हणजे कॅन्सरच ना?" हेच विचारत राहिली.

तेव्हा तुम्ही खुर्ची तिच्याजवळ ओढलीत आणि शर्टाची बाही वर केलीत. कोपराच्या जरा खाली आवळ्याएवढी गाठ. "मावशी, दाबून बघा." आई संकोचली, परक्या पुरुषाचा हात, त्यात डॉक्टरचा! तुम्ही हात तसाच पुढे धरून बसलात, बाहेर एवढी रांग असताना. शेवटी तिने बोट टेकवलं. मऊ लागली, बोटाखालून सरकली.

"दुखते?"

"नाही. कॉलेजात होतो तेव्हापासून आहे. तुमची हीच, फक्त आत. रक्त जातंय म्हणून काढायची, नाहीतर तिच्या वाटेला गेलो नसतो."

आई हसली. किती दिवसांनी!

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गाठीला देठ होता म्हणून दुर्बिणीतूनच निघाली, पोट उघडावं लागलं नाही. कधी कधी उघडावं लागतं, हेही तुम्ही आधीच सांगितलं होतंत. पॅथॉलॉजीचा रिपोर्टही लायपोमाचाच आला.

आपल्याकडे जरा गंभीर झालं की 'बेळगावला न्या, मुंबईला न्या' सुरू होतं. आम्हीही बॅग भरायला घेतली होती. तिथेही हुशार डॉक्टर आहेत, कोण नाही म्हणतं? पण हुशारी खूप जणांकडे असते; म्हाताऱ्या बाईच्या उंचीला येऊन बसणारे थोडे. तुमच्या वॉर्डातल्या सिस्टरसुद्धा तशाच. ऐकू येत नाही म्हणून आईवर कुणी खेकसलं नाही, कानाशी येऊन बोलल्या.

आता आई गावभर तुमची गाठ सांगत फिरते, त्याबद्दल क्षमस्व. शेजारच्या काकींच्याही शौचातून रक्त जातंय, त्या मूळव्याध म्हणून गप्प होत्या. आईने त्यांना चांगलं फैलावर घेतलं. सोमवारी त्यांना घेऊन येतोय.

तुमची,
वाळपईच्या मावशींची मुलगी