आधी सभागृह, मग पुस्तक?

महोदय,

सोलापुरातल्या पुस्तक प्रकाशनाच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर दिसतात. नवी माणसे लिहिती झाली, हे चांगलेच. खटकते ते एवढेच की, अनेकदा आधी पाहुण्यांची तारीख मिळते, मग सभागृह ठरते, पत्रिका वाटल्या जातात आणि त्यानंतर पुस्तक छापखान्यात जाते. दिवस कमी पडले की कात्री लागते मुद्रितशोधनाला, म्हणजे प्रुफे तपासण्याला, कारण छपाई आणि बांधणीचे दिवस कुणाला फारसे कमी करता येत नाहीत.

मुद्रिते (प्रुफे) किमान तीन वाचावीत. पहिले हस्तलिखिताशी ओळीला ओळ ताडून. दुसऱ्यात आधीच्या दुरुस्त्या झाल्या का आणि त्या करताना नवी चूक शिरली का, हे पाहायचे; एक शब्द वाढला तरी परिच्छेद सरकतो आणि त्याची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटीच जाऊन बसते. तिसरे पाने लागल्यावर, पृष्ठांक आणि अनुक्रमणिका जुळवण्यासाठी. यातले एक तरी परक्या माणसाने वाचावे. लेखकाला कागदावर नसलेले अक्षरही दिसते! दुरुस्त्या एकाच प्रतीच्या समासात, लाल शाईने कराव्यात. थोड्या फोनवर, थोड्या व्हॉट्सॲपवर बोलून पाठवल्या की काही हमखास राहून जातात.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात असतो, पण अक्षरजुळणी करणारे कित्येकजण अजून श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये काम करतात. रूपांतरात ‘ऱ्य’ हमखास मार खातो. डोंगरातल्या ‘दऱ्या’ समुद्राचा ‘दर्या’ होतात, पंगतीच्या ‘आचाऱ्यांना’ मठातले ‘आचार्यांना’ करून टाकले जाते. दोन्ही शब्द बरोबरच असल्याने संगणकाला चूक कळत नाही. ‘ॲ’ गळतो, अवतरणचिन्हे उलटतात. तेव्हा जुळणी युनिकोडमध्येच होईल का, हे दर ठरवण्याआधी विचारावे. नाही म्हणाले, तर रूपांतरानंतरचा मजकूर पुन्हा मुळाशी ताडावा लागेल हे धरून चालावे.

आपल्याकडच्या लेखकांसाठी आणखी एक. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम (१९६२ चे १४ आणि १९७२ चे ४) निवेदनाला लावावेत, पात्रांच्या तोंडच्या बोलीला नव्हे. ‘काय करायलास बे?’ हे वाक्य परगावचा मुद्रितशोधक अगदी प्रामाणिकपणे ‘काय करतो आहेस रे?’ असे करून ठेवतो आणि सोलापूरच पुसले जाते. बोलीतली रूपे, कानडी-तेलुगूतून आलेले शब्द, आडनावे आणि पेठांची नावे यांची एक यादी हस्तलिखितासोबत द्यावी. पण मग आपणही एकच रूप शेवटपर्यंत पाळावे. दहाव्या पानावर ‘करायलास’ आणि नव्वदाव्यावर ‘करालास’ असेल तर मुद्रितशोधकाचा नाइलाज होतो.

आता हिशेब. डेमी आकाराच्या (साडेपाच बाय साडेआठ इंच) पानावर १४ पॉइंटात साधारण २५० शब्द बसतात. ३५ हजार शब्दांची १४० पाने, सुरुवातीची ८ धरून १४८. छपाई १६ पानांच्या फॉर्मने (एकत्र छापून दुमडायच्या गठ्ठ्याने) चालते, म्हणजे ९ फॉर्म भरून ४ पाने उरली आणि त्या चारांसाठी वेगळ्या फॉर्मचा खर्च आला. मनोगत आणि प्रस्तावना यांत मिळून ४ पाने कमी करावीत. बहुतेक पुस्तकांना ते मानवते.

ऑफसेट छपाईत आधी पानांच्या प्लेटा कराव्या लागतात; त्यांचा खर्च १०० प्रतींना आणि १,००० प्रतींना सारखाच, म्हणून ‘हजार घ्या, प्रत स्वस्त पडेल’ हे खरेच असते. फसगत विक्रीत होते. समजा किंमत २०० रुपये आणि विक्रेत्याची सवलत ४५ टक्के. हाती येतात ११०. प्रतीमागे छपाई ९० रुपये असेल तर उरले २०, त्यातून वाहतूक आणि भेटप्रती. विकत घेतीलच अशा माणसांची नावे कागदावर लिहून काढावीत आणि दोन-तीनशेच्या पुढे आकडा जात नसेल तर प्लेटा न लागणाऱ्या डिजिटल छपाईचा दर काढावा. संपल्या तर पुन्हा छापता येतात.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो आणि लेखकाला स्वतःलाही ऑनलाइन अर्ज करता येतो. त्याचे म्हणून कुणी पैसे मागितले तर ती मध्यस्थाची मजुरी समजावी. ई-बुकला वेगळा क्रमांक लागतो. या क्रमांकाचा स्वामित्वहक्काशी संबंध नाही. तो हक्क लिहिल्याबरोबर लेखकाचा होतो.

करार मात्र नीट वाचावा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम १९ प्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात आणि मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षे धरली जाते. खर्च लेखकाचा आणि ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ अशा कागदावर सही करू नये. उरलेल्या प्रती कुणाच्या, मांडणीची फाइल कुणाकडे राहणार, हेही लिहून घ्यावे. स्वतःच प्रकाशक असाल तर ४ प्रती बाजूला काढाव्यात. १९५४ च्या कायद्याने त्या कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर तीन ठरलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत स्वखर्चाने पाठवायच्या असतात.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते. त्यासाठी हस्तलिखित पाठवायचे असते, त्यामुळे तारखेच्या घाईत छापून मोकळ्या झालेल्यांना ही वाट उरत नाही. मंडळाचे निवेदन निघेल तेव्हा ते आपण सोलापूर आवृत्तीत प्रकाशन समारंभांच्या बातम्यांशेजारीच ठळक छापावे, ही विनंती.

– एक मुद्रितशोधक, सोलापूर