डेड्झाहून आई-बाबांना

डेड्झा, मलावी (आफ्रिका)
फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू विचारलंस, "परक्यांची सेवा करायला इतक्या लांब गेलीस, आम्हाला कोण आहे?" तेवढ्यात लाइन तुटली. अशा गोष्टी फोनवर नीट बोलताही येत नाहीत, म्हणून कागद घेतला.

आधी इथलं सांगते. पावसाचे दिवस आहेत. शेतात मका उभा आहे, पण एप्रिलशिवाय हाती यायचा नाही, आणि मागचा मका बहुतेक घरांत संपलाय. हे दोन-तीन महिने फार ओढगस्तीचे. महिन्यातून एकदा पाच वर्षांखालच्या पोरांची तपासणी असते. आंब्याच्या फांदीला काटा टांगतात, मुलाला बंदांची कापडी चड्डी घालून त्याला अडकवतात. मूल पाय झाडत भोकाड पसरतं, बाया हसतात, आणि काटा थांबला की मी वजन टिपते. मग दंडाला पट्टी लावायची. दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर पट्टी लाल दाखवते. मागे आलेल्या एका दीड वर्षाच्या पोरीचा दंड माझ्या अंगठ्या-तर्जनीच्या कड्यात सैल बसला. तिला 'चिपोंडे'ची पाकिटं दिली. शेंगदाणे वाटून त्यात दूधपावडर, साखर, तेल घातलेलं असतं, शिजवायला नको की पाणी नको. पुढच्या खेपेला आली तेव्हा पाकीट स्वतःच धरून चोखत होती. आई, तू पाहायला हवी होतीस.

न्यू जर्सीत मी इतकी वर्षं नर्स होते, पण इथे पीस कोअरच्या, म्हणजे अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक संस्थेच्या, कामात सुई हातात घ्यायची नाही. ते इथलेच आरोग्यसेवक करतात, सायकलवरून गावोगाव फिरून. मी त्यांच्याबरोबर घरोघर जाते, हिवतापाच्या लसीचा डोस कुणाचा चुकलाय ते शोधते. ही लस नेहमीच्या लसीकरणात जगात सगळ्यात आधी इथे, मलावीत, 2019 साली सुरू झाली. चौथा डोस मूल दोन वर्षांचं व्हायला आलं की द्यायचा, आणि तोवर घरातले विसरून गेलेले असतात. त्यांना आठवण करून द्यायचं हे काम मला मनापासून आवडतं.

बाबा, आईची समजूत तुम्हीच घाला. तुम्ही 1967 साली गोदरेजमध्ये लागलात, तेव्हा विक्रोळीच्या कॉलनीत लिलियन कार्टर होत्या. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टरांच्या आई. 1966 साली, 68 वर्षांच्या असताना त्या पीस कोअरमधून आल्या. मराठी शिकल्या, कुटुंबनियोजनाचं काम केलं, दवाखान्यात कुष्ठरुग्णांची शुश्रूषा केली. मुलगा त्याच वर्षी जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरला होता, तरी त्या निघाल्या, आणि तिथून घरी पत्रं लिहीत राहिल्या. कुणाची तरी आई घर सोडून आपल्या माणसांसाठी आली होती. मी तर त्यांच्याहून कितीतरी लहान आहे.

आणि आई, मी न्यू जर्सीत होते तेव्हाही वर्षातून एकदाच येत होते. तेव्हा तू हा प्रश्न कधी विचारला नाहीस, कारण तिथे माझा संसार होता. आता पोरं आपापल्या पायावर उभी आहेत. हातपाय चालतायत तोवर मला हे करायचंय. तुमची काळजी वाटत नाही असा एक दिवस जात नाही, खरं सांगते.

इथे महिन्याला दोन दिवस रजा साठते. ती सगळी तुमच्यासाठी राखून ठेवली आहे, मे महिन्यात येते. तोवर आंघोळीला मदत करायला येणाऱ्या मावशींना परत पाठवू नकोस. त्या आल्या म्हणून तू कुणावर भार होत नाहीस. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी लांबवू नका. तारीख घ्यायला धाकट्याला सांगितलं आहे, त्याच्याबरोबर जा, आणि थेंब चारही वेळा घाला.

येताना इथला चहा आणते. उत्तर लिहा. आई, तुझ्या हातच्या दोन ओळी तरी हव्यात.

तुमची,
थोरली